मारेकऱ्याला नशा चढवू नका : मराठी फँटसीच्या लेखकांना आणि संपादकांना खुले पत्र

मराठीत फँटसी लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो आणि ती छापणाऱ्या संपादकांनो,

सप्रेम नमस्कार.

मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि लहानपणापासून अद्भुतकथा वाचत आले आहे. त्यामुळे नव्याने लिहू लागलेली मुलं आपले खर्डे माझ्याकडे आणून देतात. स्वतःच्या भाषेत एक अख्खं जग उभं करायचं, त्याचे नकाशे काढायचे, त्यातल्या नद्यांना आणि घाटांना नावं द्यायची, हे किती कष्टाचं काम आहे ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हे पत्र रागाने लिहिलेलं नाही. कळवळून मात्र लिहिलेलं आहे.

या खर्ड्यांत मारेकऱ्यांचा एक संघ मला पुन्हा पुन्हा भेटतो. जग निराळं, राजा निराळा, चलन निराळं, पण संघ तोच. डोंगरात एक दुर्गम किल्ला. गादीवर पांढऱ्या दाढीचा म्हातारा. भोवती तोंड झाकलेले तरुण. नव्या पोराला कसलासा अर्क पाजतात आणि गुंगीत उचलून एका बागेत नेऊन ठेवतात. तिथे मधाचे पाट, फळांनी लवलेली झाडं, सुंदर स्त्रिया. चार दिवसांनी पुन्हा अर्क, पुन्हा गुंगी, आणि जाग येते ती थेट गादीसमोर. म्हातारा सांगतो, तो स्वर्ग होता. परत जायचं असेल तर अमक्या वजिराला मारून ये. पोरगं खंजीर घेऊन निघतं.

मागच्या वर्षी अशीच एक कथा वर्गात वाचली गेली. भाषा चांगली होती, वेग होता, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. ती मुंबईची, खोजा इस्माइली, म्हणजे शिया मुसलमानांतल्या एका पंथाच्या, घरातली. तिने विचारलं, "मॅडम, ही गोष्ट आमच्यावरची आहे ना?" ती चिडलेली नव्हती. तिला खात्री करून घ्यायची होती, एवढंच. मी "हो" म्हणाले. कथा लिहिणाऱ्या मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने ती बाग कुठल्याशा गेममध्ये आणि कुठल्याशा इंग्रजी कादंबरीत पाहिली होती. त्याला ती सगळ्यांच्या मालकीची वाटली, आणि त्यात त्याचा दोष आहे असं मला वाटत नाही. दोष आम्हा सांगणाऱ्यांचा आहे, कारण आम्ही सांगितलं नाही. ते आता सांगते.

इराणच्या उत्तरेला एल्बुर्झची डोंगररांग आहे. काझवीनपासून फार लांब नाही अशा रुदबारच्या खोऱ्यात अलमूत नावाचा किल्ला आहे. १०९० साली हसन इब्न सब्बाह नावाच्या इस्माइली धर्मप्रचारकाने तो घेतला. कसा घेतला, हे लेखकांनी नीट ऐकावं. शिड्या लावल्या नाहीत, रक्त सांडलं नाही. त्याची माणसं आधी आत गेली, शिबंदीतले लोक एकेक करून त्याच्या मताचे झाले, तो स्वतः खोट्या नावाने आत राहिला, आणि एक दिवस किल्लेदाराला कळलं की किल्ला आपला उरलेला नाही. त्याला जाऊ दिलं. एवढंच नव्हे, किल्ल्याची किंमत म्हणून ३००० सोन्याच्या दिनारांची हुंडी त्याच्या हातात दिली, दूरच्या गिर्दकूह किल्ल्याच्या अधिकाऱ्याच्या नावाने. तो अधिकारी तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांच्या सुलतानाच्या चाकरीतला. किल्लेदाराला ती हुंडी म्हणजे थट्टा वाटली असणार. पण गरज पडली तेव्हा तो ती घेऊन गेला, आणि हुंडी वटली. कारण अधिकारीही आतून हसनच्याच पंथाचा होता.

या एका हुंडीत एका कादंबरीचा ऐवज आहे. कोण आपला आणि कोण परका हे कुणालाच माहीत नसलेलं राज्य, आणि त्या राज्यात एका कागदावर पैसे मिळतात तेव्हा घेणाऱ्याच्या पोटात उठणारी भीती. आपण मात्र हे सोडून अर्क आणि अप्सरा घेतो.

१०९४ साली कैरोचा फातिमी खलिफा मुस्तनसिर, म्हणजे इस्माइलींचा इमाम, वारला आणि इस्माइलींत वारसाहक्कावरून फूट पडली. थोरला मुलगा निजार याच्या बाजूने जे उभे राहिले ते निजारी. हसन त्यांचा इराणातला पुढारी. समोर सेल्जुकांचं प्रचंड साम्राज्य, आणि यांच्याकडे डोंगरात विखुरलेले काही किल्ले. मैदानी लढाईत टिकाव लागणं शक्य नव्हतं. पण त्या साम्राज्याची सत्ता काही मोजक्या माणसांच्या अंगावर उभी होती, आणि असा एक माणूस पडला की त्याचं सैन्य पांगायचं. निजाऱ्यांनी ते हेरलं. मरायला तयार होऊन जाणाऱ्याला फिदाई म्हणत. हसनच्या हयातीत झालेल्या सुमारे ५० हत्यांची यादी नंतरच्या इतिहासकारांनी जपून ठेवली आहे.

हे मी गोड करून सांगणार नाही. त्या हत्या होत्या. वजीर, काझी, सरदार मशिदीत, वाटेवर, दरबारात मारले गेले. आणि त्यांच्या सुडापोटी शहराशहरांत सामान्य इस्माइलींच्या कत्तली झाल्या. ज्यांनी कधी खंजीर पाहिलाही नव्हता अशी माणसं आपल्या शेजाऱ्यांच्या हातून मेली. मारेकऱ्यांचा संघ लिहिणाऱ्याला हा हिशेब टाळता येत नाही: डोंगरावरून एक फिदाई उतरतो आणि खाली शहरात एका विणकराच्या दाराला आग लागते. मी वाचलेल्या खर्ड्यांत संघ मारतो आणि छपरांवरून निघून जातो. खाली राहणाऱ्यांचं काय झालं हे कुणी लिहीत नाही.

आता नशा. 'असॅसिन', म्हणजे मारेकरी, हा इंग्रजी शब्द 'हशीशी', म्हणजे हशीशची (गांजाची) नशा करणारा, या अरबी शब्दावरून आला. निजाऱ्यांना हा शब्द त्यांच्या शत्रूंनी लावला, तो शिवी म्हणून. हलकट, धर्मभ्रष्ट, गावगुंड अशा अर्थाने. आपल्याकडे कुणाला 'गांजेकस' म्हटलं म्हणजे त्याच्या चिलमीची चौकशी कुणी करत नाही, तसंच ते होतं. त्यांचा द्वेष करणाऱ्या मुसलमान इतिहासकारांनी त्यांच्यावर नाही नाही ते आरोप केले, पण हे लोक हशीश खाऊन मारायला निघतात असं त्या काळच्या त्या लेखनात सापडत नाही. सीरियात धर्मयुद्धासाठी आलेल्या क्रुसेडर युरोपीयांनी शिवी ऐकली आणि तिची गोष्ट केली. मार्को पोलोच्या प्रवासवृत्तात ती बाग पूर्ण सजून आली. पण मार्को पोलो जन्मला १२५४ साली आणि अलमूत मंगोलांच्या हाती पडला १२५६ साली. तो पाळण्यात होता तेव्हाच ते राज्य संपलं होतं. पुढे १८०९ साली पॅरिसमध्ये सिल्व्हेस्त्र द सासी या पंडिताने शब्दाची व्युत्पत्ती लावून दाखवली. ती बरोबर होती. पण तिच्या आधाराने नशेची गोष्टही खरी ठरून गेली आणि विद्वानांच्या पुस्तकांतून कादंबऱ्यांत उतरली.

अलमूत आतून पाहिलेला एक माणूस मात्र होता. अता-मलिक जुवैनी, अलमूत जिंकणाऱ्या मंगोल हुलागू खानाचा चिटणीस. निजाऱ्यांचा कडवा द्वेष्टा. १२५६ मध्ये किल्ला शरण आल्यावर हुलागूच्या परवानगीने तो ग्रंथालयात शिरला. कुराणाच्या प्रती, काही ग्रंथ, खगोलाची उपकरणं त्याने बाहेर काढली आणि बाकीचं जाळलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याने किल्ल्याचंही वर्णन केलं आहे: खडकात खोदलेली टाकी, लांबून आणलेलं पाणी, वर्षानुवर्षं टिकलेलं धान्य. मधही होता तिथे. पण तो पाटातून वाहत नव्हता, वेढा सोसायला साठवून ठेवलेला होता. गुप्त बाग, अप्सरा, गुंगीचा अर्क यांचा त्याच्या लेखनात मागमूस नाही. शत्रूला बदनाम करायची एवढी मोठी संधी त्याने सोडली असती का? सह्याद्रीतला कुठलाही गड चढलेल्या माणसाला जुवैनीचं वर्णन ओळखीचं वाटेल. अलमूत म्हणजे टाकी, कोठारं आणि दरवाजा असलेला डोंगरी किल्लाच होता. जास्तीचं होतं ते ग्रंथालय. नासिरुद्दीन तुसीसारखा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ कित्येक वर्षं निजाऱ्यांच्या आश्रयाला राहून लिहीत होता.

जुवैनीनेच सांगितलेली आणखी एक हकीकत. हसनला दोन मुलगे होते. एकावर खुनाचा आरोप आला. हसनने त्याला देहान्त दिला, आणि आरोप खोटा असल्याचं नंतर उघड झालं. दुसऱ्यावर दारू प्यायल्याचा आरोप होता. त्यालाही देहान्त. किल्ल्यात बासरी वाजवणाऱ्याला त्याने बाहेर काढलं. तंगीच्या दिवसांत बायकोला आणि मुलींना गिर्दकूहला पाठवून दिलं, तिथे त्यांनी सूत कातून पोट भरावं म्हणून, आणि परत कधी बोलावलं नाही. पोटच्या पोराला दारूसाठी मारणारा हा माणूस आपल्या तरुणांना अर्क पाजून बागेत लोळवत होता, असं आपण सातशे वर्षं मानत आलो.

मला सर्वांत जास्त बोचतं ते इथे. इतिहासाशी अप्रामाणिकपणा हा एक भाग झाला. पण लेखक म्हणून तुमचं नुकसान त्याहून मोठं आहे. नशा हा आयता खुलासा आहे. तो घेतला की तुम्हाला त्या पोराच्या मनात शिरावंच लागत नाही. तो का गेला? अर्क पाजला म्हणून. संपलं. एखादा शुद्धीवरचा, आईवर प्रेम करणारा, अक्षरओळख असलेला तरुण एका अनोळखी माणसाच्या छातीत सुरा खुपसायला का निघतो, परत येणार नाही हे ठाऊक असून का निघतो, या प्रश्नासाठीच तर तुम्ही ती कथा लिहायला बसला होता. मग त्याच प्रश्नावर झाकण का घालता?

११२६ साली मोसुलच्या मशिदीत शुक्रवारी तिथल्या सत्ताधीशाची, आक-सुंकुर बुर्सुकीची हत्या झाली. हल्लेखोर जागीच मारले गेले, एकजण निसटला. अलेप्पोचा इतिहासकार कमालुद्दीन सांगतो की त्या निसटलेल्याची म्हातारी आई गावी होती. हत्येची आणि सगळे मारले गेल्याची बातमी आली तेव्हा तिने डोळ्यांत सुरमा घातला आणि आनंद केला. काही दिवसांनी मुलगा जिवंत घरी आला. तेव्हा तिने केस कापले आणि तोंडाला काळं फासलं.

ही हकीकत विरोधकांच्या लेखनातून आली आहे, तेव्हा ती जपूनच घ्यायची. पण मी ती पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. दारात उभा असलेला तो मुलगा मला दिसत राहिला. तो काय म्हणाला असेल? तिने पाणी दिलं असेल का? ही आई लिहायला कुठलाही अर्क पुरणार नाही. त्यासाठी तो पंथ, तो अपमान, त्या कत्तली, ते गाव, सगळं उभं करावं लागेल. फँटसीत ते करायला जागा असते. सबंध जग तुमच्या हातात असतं.

आपली भाषा इथे तुमच्या मदतीला उभी आहे. आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक विडा उचलणं, दुसरं सुपारी घेणं. विडा भर दरबारात तबकात ठेवला जातो, चारचौघांदेखत उचलला जातो, आणि उचलणाऱ्याची इज्जत त्या क्षणापासून त्या कामाला बांधली जाते. बखरी-पोवाड्यांतला अफजलखान विजापूरच्या दरबारात विडाच उचलतो. सुपारी अंधारात घेतात, रोख घेतात, आणि घेणाऱ्याला मरणाऱ्याचं नावगाव ठाऊक असण्याची गरज नसते. दोन्हीचं मूळ एकाच पानदानात, पण दोन्हीत जमीन-अस्मानाचं अंतर. अलमूतचे फिदाई विड्याच्या बाजूचे होते. विष नाही, बाण नाही, शक्यतो खंजीरच. गर्दीत, दिवसाढवळ्या, आणि पळून न जाता. तुमच्या खर्ड्यांतला संघ मात्र सुपारी घेतो आणि भाषा विड्याची बोलतो. लिहिण्याआधी ठरवा, तुमचा संघ कशाचा? की विड्याने सुरू होऊन तिसऱ्या पिढीत सुपारीवर आला? तसं असेल तर ती घसरण हीच तुमची गोष्ट आहे, आणि ती मला वाचायची आहे.

त्या इतिहासात कथानकांना तोटा नाही. १४ ऑक्टोबर १०९२ रोजी सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क मारला गेला. सूफीच्या वेषातला एकजण अर्ज द्यायच्या मिषाने पालखीजवळ आला. हे काम अलमूतचं असं सगळे म्हणाले. पण ज्या सुलतानाचा तो वजीर, त्या मलिकशहालाच तो डोईजड झाला होता अशी कुजबुज त्याच काळात होती, आणि मलिकशहाही थोड्याच दिवसांत वारला. १११८ ते ११५७ या काळात राज्य केलेल्या सुलतान संजरला म्हणे एका सकाळी उशाशी जमिनीत रोवलेला खंजीर दिसला, आणि मागोमाग निरोप आला: आम्हाला तुमचं वाईट चिंतायचं असतं तर कठीण जमिनीत शिरलेलं पातं मऊ छातीत शिरलं असतं. संजरने नंतर निजाऱ्यांशी बरंच जमवून घेतलं. न झालेल्या खुनाची एवढी किंमत! ११९२ मध्ये टायर शहरात क्रुसेडरांचा पुढारी कॉनराड याला भिक्षूंच्या वेषातल्या दोघांनी मारलं, तेव्हा यामागे इंग्लंडचा राजा रिचर्ड आहे अशी वदंता उठली. संघाचं नाव एकदा झालं की कुणीही आपला काटा काढून खापर संघावर फोडू शकतो. अशा वेळी संघाने काय करावं? न केलेल्या खुनाचा इन्कार केला तर दरारा जातो, आणि पदरात घेतला तर सूड येतो. हा पेच मी अजून एकाही मराठी फँटसीत वाचलेला नाही.

आणि 'संघ' म्हणजे काय, हे समजून घ्यायला तर इराणलाही जायला नको. नाशिकला पांडवलेण्यांत या. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण नाणी कायमची ठेवली. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कुणी परत मागायचं नाही, व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंची वस्त्रं आणि इतर गरजा भागवायच्या. हे निगमसभेत ऐकवून नोंदवलं आणि दगडात कोरलं. राजघराण्यातल्या माणसाने विणकरांच्या श्रेणीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा टाकला. श्रेणी याला म्हणतात. तिला ठेव असते, व्याज असतं, साक्ष असते, मेल्यानंतरही पाळायचा शब्द असतो. तुमच्या मारेकऱ्यांच्या श्रेणीकडे कुणी विधवेने पैसे ठेवले आहेत का? म्हाताऱ्या मारेकऱ्याला ती पोसते का? हात थरथरू लागलेल्याला काय काम देते? या प्रश्नांची उत्तरं लिहिलीत की तोंड झाकायची गरज उरणार नाही. श्रेणी आपोआप खरी वाटू लागेल.

कौटिल्याने तर सगळा कारखानाच मांडून ठेवला आहे. गूढपुरुषांच्या, म्हणजे हेरांच्या, प्रकरणात तो सांगतो की ज्यांना कुणी नाही आणि ज्यांना पोसणं राज्याला भागच आहे अशा पोरक्यांना सामुद्रिक, जादू, शकुन अशा विद्या शिकवाव्यात, ते सत्री. पैशासाठी जिवावर उदार होऊन हत्तीशी किंवा हिंस्र श्वापदाशी झुंजणारे शूर ते तीक्ष्ण. आप्तांविषयी माया नसलेले, क्रूर आणि आळशी ते रसद, म्हणजे विष देणारे. आळशी हा शब्द मी कितीतरी वेळा परतून वाचला आहे. विष घालणाऱ्याला वर्षानुवर्षं एकाच स्वयंपाकघरात थांबावं लागतं, आणि उतावळ्या माणसाला ते जमायचं नाही, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे. कौटिल्य त्यांची सोंगंही सांगतो. तीक्ष्णाने छत्र धरावं, चवरी ढाळावी, पादुका सांभाळाव्यात. रसदाने आचारी व्हावं, न्हाऊ घालणारा, अंग रगडणारा, अंथरूण घालणारा, न्हावी, पाणक्या व्हावं. यांनी एकमेकांना ओळखता कामा नये. आणि तिघांकडून तीच बातमी आली तरच ती खरी धरावी. रा. प. कंगल्यांनी संपादलेला हा ग्रंथ ग्रंथालयांत मिळतो. त्यातल्या त्या पोरक्या मुलांच्या एका ओळीवर थांबून पाहा. राज्याने अनाथांना जेवू घातलं, शिकवलं, आणि त्याची किंमत वसूल केली. त्या मुलांपैकी एकाला मोठेपणी हे उमगलं तर?

पुण्याच्या माणसाला यापुढचं सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गारदी शिरले. निमित्त थकलेल्या पगाराचं होतं. नारायणराव पेशवा अवघा अठरा वर्षांचा. तो धावत चुलत्याकडे गेला. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक त्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्यासह मारला गेला. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष राघोबादादांपर्यंत नेऊन पोचवला. अडीचशे वर्षं झाली. मारणाऱ्यांपैकी सुमेरसिंगाचं नाव फार तर काहींना आठवतं. त्यांनी तलवार कशी चालवली हे कुणी सांगत नाही. आपल्या भाषेने त्या दिवसातलं जे जपून ठेवलं ते मरणाऱ्याच्या तोंडचं: "काका, मला वाचवा." मराठीत मारेकऱ्यांवर लिहायला बसता तेव्हा ही हाक तुमच्या मागे उभी असते. तुमच्या संघाने मारलेल्या माणसाला निदान एक वाक्य बोलू द्या.

आता त्या मुलीकडे परत येते. निजारी इस्माइली १२५६ नंतर नाहीसे झाले नाहीत. कित्येक शतकं ते लपत, वेष बदलत राहिले. त्यांच्या एका शाखेचा इमाम शाह ताहिर इराणातून जीव वाचवून दख्खनेत आला आणि अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाचा सल्लागार झाला. त्याच्याच प्रभावाने १५३७ साली निजामशहाने शिया पंथ स्वीकारला. दुसऱ्या शाखेचे इमाम म्हणजे आगाखान. पहिले आगाखान १८४०च्या दशकात मुंबईत आले, १८८१ मध्ये वारले, आणि माझगावला हसनाबादेत त्यांची कबर आहे. १८६६ साली खोजा जमातीचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला, तेव्हा न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी निकालपत्रात अलमूतपर्यंतचा इतिहास सांगितला. ज्या पॅलेसमध्ये कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी प्राण सोडला, जिथे गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई वारले, तो नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली बांधला, दुष्काळात भोवतालच्या गावांना काम मिळावं म्हणून. चौथ्या आगाखानांनी १९६९ मध्ये तो गांधीस्मारकासाठी देऊन टाकला. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे गेलो आहोत. त्या पायऱ्यांवर बसून डबे खाल्ले आहेत. ज्यांच्या पूर्वजांना आपण कथेत गांजेकस मारेकरी करतो, त्यांच्याच घराच्या त्या पायऱ्या.

संपादकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या दिवाळी अंकासाठी अशी कथा आली तर ती परत पाठवू नका. लेखकाला फोन करा आणि विचारा, ही बाग कुठून आणलीस? अर्क काढला तर तुझा नायक का मारतो? एवढं विचारलंत तरी त्याच कथेचा दुसरा खर्डा कितीतरी खोल उतरेल. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हेच विचारलं. तो महिनाभर आला नाही. मग नवी सुरुवात घेऊन आला. त्यात बाग नव्हती. एक हुंडी होती.

आणि लेखकांनो, विषय हवा असेल तर गिर्दकूहला पाठवलेल्या त्या मुली घ्या. तुमच्या जगात त्यातल्या एकीला नाव द्या. बाप संघाचा प्रमुख, दोन्ही भाऊ बापाच्याच हुकमाने मेलेले, आणि ती परक्या किल्ल्यात आईशेजारी बसून सूत कातते आहे. थोरला भाऊ निर्दोष होता हे तिला एक दिवस कळतं. तिच्या हातातली चाती थांबते की फिरत राहते, तिथून लिहायला लागा.

खर्डा झाला की माझ्याकडे पाठवा. या वेळी मी तो आधी त्या मुलीला वाचायला देणार आहे.

तुमची,
इतिहास शिकवणारी एक वाचक, पुणे